ताटली पाडून निवडलेलं पिल्लू

कुठलं पिल्लू घ्यावं हे विचारायला लोक माझ्याकडे येतात, तेव्हा मी आधी त्यांच्या घरी जातो. तेही दुपारी दोन वाजता. सकाळी घर उत्साहात असतं, संध्याकाळी सगळी माणसं परतलेली असतात, तेव्हा कुठलंही घर कुत्र्यासाठी चांगलंच दिसतं. कुत्र्याचा खरा दिवस म्हणजे दुपार. दोन वाजता दार कोण उघडतं ते मला बघायचं असतं. दार कामवाल्या बाईने उघडलं आणि 'शेठ दुकानावर, भाभी किट्टीला, मुलं ट्यूशनला' असं उत्तर मिळालं, की मी पाणी पितो आणि उठतो. त्या घराला मी मासे पाळायला सांगतो.

मी कुत्री विकत नाही, शिकवतो. आता गुडघे बोलायला लागल्यापासून शिकवणंही कमी केलंय, सल्लेच जास्त देतो. मूळ गाव पारोळा तालुक्यातलं. वडील सुरतेला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आले, त्यांच्या मागून मीही आलो आणि चौदा वर्षं लूम चालवले. लूमच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. आमच्या खात्याच्या फाटकाला शेठने एक अल्सेशियन बांधून ठेवला होता. तो सगळ्यांवर धावायचा, माझ्यावर नाही, कारण माझ्या डब्यातली अर्धी भाकरी त्याची असायची. ते बघून शेठने मला पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेल्या एका हवालदारांकडे शिकायला पाठवलं. हवालदारांनी कुत्र्याला थोडं आणि मला भरपूर शिकवलं. ती नोकरी सुटली, हा धंदा लागला. गुजराती लोक मला भामरेभाई म्हणतात, आमच्या भेस्तानमधली पोरं 'कुत्तेवाले अंकल' म्हणतात. घरी काय म्हणतात ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

या कामातली पहिली गोष्ट सांगतो. कुत्र्याची जात म्हणजे त्याचा रंग किंवा केस नव्हेत. जात म्हणजे त्याच्या खापरपणजोबाचं काम. कोणी बर्फात गाडी ओढली, कोणी मेंढ्या वळवल्या, कोणी झुडपात शिरून पक्षी उठवले, कोणी नाक जमिनीला लावून सशामागे मैलोनमैल पळालं. काम गेलं, पण अंगातली खाज जात नाही. बीगल तुमचं ऐकत नाही म्हणून त्याला मठ्ठ म्हणू नका, त्याचं नाक बोलत असतं तेव्हा त्याला कान नसतात. शेफर्डला काम दिलं नाही, तर तो घरातल्या पोरांनाच मेंढ्यांसारखं कोपऱ्यात वळवून ठेवतो. मी हे डोळ्यांनी बघितलंय.

पर्वत पाटियाकडचे एक साडीवाले शेठ हस्कीसाठी हटून बसले होते. मुलीला निळ्या डोळ्यांचं कुत्रं हवं होतं, व्हिडिओत छान दिसतं म्हणे. मी म्हटलं, "शेठ, तुम्ही कापड घेता तेव्हा आधी काय बघता?"

"पोत," ते म्हणाले. "रंग मागून."

"मग कुत्र्याचा तेवढा रंग आधी?"

ते हसले, पण हटले नाहीत. मग मी त्यांना एप्रिलच्या दुपारी त्यांच्याच गच्चीवर नेलं आणि घरातली गोधडी खांद्यावर टाकून उभं राहायला सांगितलं. पाच मिनिटांत गोधडी खाली आली. त्यांच्या मुलीने शेवटी रस्त्यावरची काळी कुत्री पाळली. तिचे व्हिडिओ चांगले चालतात असं ऐकतो. मला व्हिडिओतलं कळत नाही, कुत्री मात्र गुटगुटीत आहे.

इच्छापोरला एका ठेकेदाराला 'फाडून खाईल असा' कुत्रा पाहिजे होता. त्याला रॉटवायलर आणायचा होता आणि दिवसभर साखळीला ठेवायचा होता. मी त्याला सांगितलं, राखणीचा कुत्रा माणूस राखतो, भिंत राखत नाही. त्याला आपला माणूसच दिला नाहीत, तर तो कोणाला राखणार? साखळीला चिडलेलं कुत्रं पहिल्यांदा चावतं ते जेवण घालणाऱ्याला. त्याने माझं ऐकलं नाही. पुढे काय झालं ते लिहीत नाही. त्या कुत्र्याचं मला अजून वाईट वाटतं, आणि आपण तिथे जास्त भांडायला हवं होतं असंही वाटतं.

दुसरी गोष्ट, जात ठरली तरी पिल्लू ठरत नाही. एका विणीत पाच पिल्लं, पाच स्वभाव. लोक सांगतात, "काका, हेच धावत आलं, यानेच आम्हाला निवडलं." कसलं निवडलंय! ते सगळ्यांत दांडगट असतं, म्हणून पहिलं येतं. मी आधी आईला बघतो, ती माणसांशी कशी आहे ते. मग एकेक पिल्लू वेगळं नेतो, मांडीवर उताणं धरतो, किती वेळ धडपडतं आणि कधी शांत होतं ते बघतो. शेवटी एक स्टीलची ताटली त्याच्यापासून चार हातांवर पाडतो. पिल्लू दचकलं पाहिजे आणि मग परत येऊन ताटली हुंगली पाहिजे. पळून कोपऱ्यात लपलं आणि बाहेरच आलं नाही, तर ते गजबजलेल्या घरात देऊ नये. ही ताटली हवालदारांची. त्यांनी मरताना मला दिली असं मी गमतीने सांगतो. खरं तर मी ती परत करायला विसरलो.

आता या ताटलीने मला कसं तोंडघशी पाडलं ते सांगतो. हे लिहायला बसलोय ते त्यासाठीच.

अडाजणला एका इमारतीत आठव्या मजल्यावर मनीषभाई नावाचे गृहस्थ राहतात. त्यांनी बोलावलं म्हणून नेहमीप्रमाणे दोन वाजता गेलो. दार त्यांच्या पत्नी भाविकाबेन यांनी उघडलं. बोलणं सगळं गुजरातीतून झालं, मी इथे मराठीत सांगतो. आतल्या खोलीत मनीषभाईंचे वडील, जयंतीकाका, भिंतीकडे तोंड करून पडलेले होते. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस. सहा महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. डावा हात आणि पाय कमजोर झाले, ते तरी व्यायामाने बरे होत होते. पण जीभ जड झाली होती. एक शब्द निघायला वेळ लागायचा आणि तोपर्यंत समोरचा माणूस वाक्य पुरं करून टाकायचा. प्रेमानेच करायचा. काकांनी हळूहळू बोलणंच सोडलं, मग खाली उतरणं सोडलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, हे चालले नाहीत तर पाय कायमचा जाईल.

"कुत्रं असलं तर त्यांना उठावं लागेल," मनीषभाई म्हणाले. त्यांच्या मनात लॅब्रॅडॉर होता. मी नको म्हटलं. लॅब्रॅडॉर मनाचा सोन्यासारखा, पण वर्षाचा झाला की दोरी अशी ओढतो की धडधाकट माणूस लटपटतो. पग नको, सुरतेच्या उन्हात त्याला चार पावलांत धाप लागते. मी कॉकर स्पॅनियल सांगितलं. आकाराने बेताचं, अंगाने मऊ, आणि माणसाच्या मागे मागे राहण्याची हौस असलेलं. त्याला एकटं ठेवलं तर ते झुरतं, पण इथे काका दिवसभर घरीच. त्याचे लांब कान आठवड्यातून दोनदा साफ करावे लागतात हेही सांगितलं. भाविकाबेन म्हणाल्या, करीन मी.

पिल्लं माझ्या ओळखीच्या रमणीकभाईंकडे होती. त्यांनी मुलांच्या हट्टापायी स्पॅनियलची मादी घेतली होती. मुलांचा हट्ट महिनाभरात संपला आणि तिची रवानगी त्यांच्या खात्यावर झाली. तिथल्या सुताच्या खोलीत खोक्यांच्या मागे ती व्याली. मी गेलो तेव्हा रमणीकभाईंनी बोटांनी चार दाखवली, म्हणजे चार पिल्लं. आई गरीब होती, लगेच हात चाटायला लागली. मी एकेक पिल्लू मांडीवर घेतलं, मग ताटली पाडली. तीन पिल्लांनी ताटली पडताना बघितली आणि दचकली. चौथं पाठमोरं होतं, त्याने मानही वळवली नाही. मी पुन्हा पाडली, ते खोक्याचा पुठ्ठा चावत राहिलं. वा, म्हटलं, हे खरं शांत डोक्याचं. आजारी माणसाच्या घराला असंच पाहिजे. मी छाती फुगवून ते पिल्लू अडाजणला नेलं.

काकांनी तिचं नाव मीनू ठेवलं. 'म' त्यांना सोपा जायचा.

पहिले दोन दिवस पिल्लू रडतंच, आईची आठवण येते. मी म्हटलं, चार दिवस द्या. चार दिवस झाले, आठ झाले. मीनू दुपारभर तोंड वर करून रडायची. सोफ्याचा कोपरा खाल्ला. भाविकाबेननी उचलायला हात घातला तर त्यांच्या मनगटाला दात लावले. खालच्या मजल्यावरून तक्रार आली, मग सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन आला. आणि गंमत म्हणजे, खाली रस्त्यालगत नेली की ती अगदी शहाणी असायची. तिथे शेजारच्या प्लॉटवर बांधकामाची मशीनं धडधडत होती, तिकडे ती शेपूट हलवत बसायची. मी निदान काय केलं? म्हटलं, लाडावलीय, फिरायला पाहिजे तिला.

पण त्यातून एक झालं. ती खाली गप्प राहते, म्हणून काका तिला खाली न्यायला लागले. आधी लिफ्टपर्यंत, मग फाटकापर्यंत. दहाव्या दिवशी त्यांनी इमारतीला एक पूर्ण फेरी मारली. भाविकाबेन मला फोनवर सांगताना रडत होत्या. दुसऱ्याच दिवशी मनीषभाईंचा फोन आला. "भामरेभाई, रविवारी मीनूला कामरेजच्या फार्मवर पाठवतो. चौकीदार सांभाळेल. सेक्रेटरीने लेखी नोटीस दिलीय, आणि भाविकाचा हात सुजलाय. माझा इलाज चालत नाही." त्यांचा आवाज वैतागलेला नव्हता, लाजलेला होता. मला फार्म माहीत होतं. तिथे साखळी होती आणि गोचिडी होत्या. आणि मीनू गेली की काका पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, हे सांगायला डॉक्टर नको होता.

मी म्हटलं, रविवारपर्यंत तिला माझ्या घरी नेतो, काय बिघडलंय ते बघतो. नेताना काका दारापर्यंत आले. पिल्लाच्या डोक्यावर उजवा हात ठेवून त्यांनी खूप वेळ घेतला. मनीषभाई म्हणाले, "पप्पा, तिला खायला घालतील ते." काकांनी मान हलवली, तसं नाही. शेवटी दोन शब्द आले. "पाछी... लावजो." परत आणा. मी हो म्हटलं. त्या एका होने माझी तीन दिवस झोप घेतली.

भेस्तानला आमच्या घराची मागची भिंत एका लूमच्या खात्याला लागून आहे. मीनू आली, घरभर हुंगली, मागच्या भिंतीशी जाऊन मुटकुळं करून झोपली. दिवसभरात एकदा रडली नाही. मी बायकोला म्हटलं, "बघ. मास्तरच्या घरी आली की सगळी कुत्री शहाणी होतात." कमल, म्हणजे माझी बायको, मेथी निवडत होती. तिने वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मनीषभाईंचा फोन. पप्पा खाली उतरले नाहीत, जेवण निम्मं टाकलं. मी मीनूकडे बघितलं, ती आरामात होती. तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, मागचं खातं थांबलं. मीनू ताडकन उठली. घरभर फिरली, भिंत हुंगली, आणि तोंड वर करून तिने जो सूर लावला तो अगदी अडाजणचाच. मी बिस्कीट दिलं, थोपटलं, उचलायला गेलो तर माझ्यावरही गुरगुरली. पाऊण तासाने वीज आली, लूम सुरू झाले. मीनूने एक जांभई दिली आणि जागेवर जाऊन पडली.

कमलने मेथीची जुडी खाली ठेवली. "तुम्हले काही समजस का?" ती म्हणाली. "खातं बंद पडनं का हाई रडस, चालू व्हयनं का जपस."

खातं बंद पडलं की हे रडतं, चालू झालं की झोपतं. एवढी साधी गोष्ट. आणि मग मला तो दिवस आठवला आणि मी डोक्याला हात लावला. रमणीकभाईंनी मला बोटांनी चार का दाखवली होती? कारण पलीकडे चोवीस लूम चालू होते आणि तोंडाने सांगितलेलं ऐकूच आलं नसतं. आम्ही सगळेच खात्यात हातवाऱ्यांनी बोलतो, ओठ वाचतो. चौदा वर्षं त्या खडखडाटात काढलेल्या माणसाला तो आवाज आवाजच वाटत नाही. दुसरा कोणीही असता तर आत शिरताच कानांवर हात ठेवले असते. मी तिथे, चोवीस लूमच्या शेजारी, ताटली पाडून पिल्लाचे कान तपासत होतो! ज्यांनी बघितली ती दचकली. हिची पाठ होती, हिला ती पडलेली कळलीच नाही. शांत डोकं कसलं, हिने जन्मल्यापासून शांतता ऐकलीच नव्हती. आठव्या मजल्यावर, बंद काचांच्या आत, तिला पहिल्यांदा शांतता भेटली आणि ती घाबरली. आईच्या पोटाची ऊब आणि तो खडखडाट तिच्या लेखी एकच होतं.

रविवारी मी मीनूला घेऊन गेलो. मनीषभाईंनी गाडीची किल्ली हातात धरलेलीच होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक पिल्लाची नाही, जातीचीही नाही. माझी आहे." आणि सगळं सांगितलं. हे सांगताना जीभ माझीही जड झाली होती. तीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या होत्या, स्वतःची काढायची सवय नव्हती.

भाविकाबेन म्हणाल्या, "म्हणजे आता घरात लूम बसवू का?"

"बसवा," मी म्हटलं आणि खिशातून पेन ड्राईव्ह काढला. आदल्या दिवशी रमणीकभाईंच्या खात्यात बसून मी तासभराचा खडखडाट भरून आणला होता. रमणीकभाई हसून हसून बेजार झाले होते, म्हणाले, हा आवाज बंद करा म्हणून लोक अर्ज करतात आणि तू घरी घेऊन चाललास. काकांकडे भजनं ऐकायचा एक छोटा स्पीकर होता, गोल बटण फिरवायचा. तो लावला. मीनू आली, स्पीकर हुंगला, त्याच्याशी अंग टेकवलं आणि डोळे मिटले. मनीषभाईंनी किल्ली खिशात टाकली. "एक महिना," ते म्हणाले. "सेक्रेटरीला मी सांगतो."

रीत सोपी होती. रोज आवाज केसभर कमी करायचा, तिला कळणार नाही इतका. घाई केली की सगळं मुसळ केरात. हे काम काकांना दिलं, आणि अट घातली की बटण डाव्या हाताने फिरवायचं. पहिल्या दिवशी त्यांना ते जमेना, बोटं घसरायची. भाविकाबेन मदतीला पुढे झाल्या तर काकांनी उजव्या हाताने त्यांना थांबवलं. रोज सकाळी फेरी, मग बटण. मधे एकदा त्यांनी जरा जास्त फिरवलं तर मीनू रडली. काकांनी दोन दिवस मागे नेलं आणि पुन्हा पुढे आणलं. वर्गात मागे पडलेल्या पोराला हा माणूस कसा शिकवत असेल ते मला तेव्हा दिसलं. मी कुत्र्यांचा मास्तर, पण ते खरे मास्तर. महिना संपला तेव्हा बटण अर्ध्यावर होतं. कोणी त्याचं नाव काढलं नाही, सेक्रेटरीनेही नाही.

त्यानंतर पुष्कळ दिवसांनी मी अडाजणला गेलो, सवयीने दुपारी दोनलाच. बेल वाजवली. आतून सपातांचा आवाज आला, एक सपात जरा घासत. दार काकांनी उघडलं. हातात काठी नव्हती, पायांशी मीनू होती. घरात इतकं शांत होतं की मला माझ्याच डाव्या कानातली लूमची जुनी गुणगुण ऐकू आली. स्पीकर कपाटावर होता, बंद.

मी आत गेलो, बसलो, पाणी प्यालो. मग पिशवीतून हवालदारांची ताटली काढली. मीनू पाठ करून बसली होती. चार हातांवरून ताटली फरशीवर सोडली. मीनू उडालीच. धावत काकांच्या पायांमागे गेली, तिथून डोकावली, मग हळूहळू पुढे आली आणि ताटली हुंगली. एकदा चाटलीही. माझे डोळे भरून आले, ते लपवायला मी खाली वाकून ताटली उचलली. त्या पिल्लाचे, त्या काकांचे आणि माझ्या बायकोच्या मेथीच्या जुडीचे माझ्यावर किती उपकार आहेत ते मला तेव्हा नीट कळलं. या धंद्यात इतकी वर्षं काढून मला एक पिल्लू ओळखता आलं नव्हतं, आणि त्या तिघांनी मिळून मला अजून शिकायला ठेवलं.

काका माझ्याकडे आणि ताटलीकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले.

"आ..."

भाविकाबेन स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्यांचं तोंड उघडलं, वाक्य पुरं करायला, आणि त्यांनी ते मिटलं. कोणीही घाई केली नाही. घड्याळ चालत होतं, मीनू ताटलीशी बसली होती.

"आ... पहेलां... करवानुं... हतुं."

हे आधी करायचं होतं. अक्षर न् अक्षर स्पष्ट, अगदी वर्गात उभं करून विचारतात त्या सुरात.

मी उठून उभा राहिलो. "हो सर," मी म्हटलं.